खाडीकाठची नगरसभा आणि दुबईचा आराखडा



इस्राएल आणि संयुक्त अरब अमिराती यांच्यात २०२० साली करार झाला आणि त्याच वर्षी तेल अवीवहून दुबईला थेट विमाने सुरू झाली. तेव्हापासून आपल्या बेने इस्राएल कुटुंबांतील पुष्कळ मंडळी तिकडे जाऊन आली. कोणी सोन्याच्या बाजारासाठी गेले, तर कोणी मुंबईला जाताना दोन दिवस वाटेत थांबले. परत आल्यावर बहुतेकांच्या तोंडी एकच वाक्य असते : "तेल सापडले, पैसा आला, शेखने हुकूम सोडला आणि वाळूत शहर उभे राहिले."

ऐकायला हे सोपे वाटते, पण तारखा काही निराळेच सांगतात. दुबईचा पहिला विकास आराखडा १९६० साली तयार झाला. तिथे तेल सापडले ते १९६६ साली, आणि ते परदेशी जाऊ लागले १९६९ साली. म्हणजे आराखडा आधी आणि तेल मागाहून. एवढेच नव्हे, तर गाव सुधारण्याचा विचार त्याही आधी, १९३८ साली, तिथल्याच लोकांच्या एका सभेने केला होता. त्या सभेचे पुढे काय झाले आणि तिचे काम कोणी उचलले, ही हकिगत आपल्या लोकांनी ऐकण्यासारखी आहे, म्हणून हा लेख.

आधी गावाची कल्पना यावी. आपल्या कुलाबा जिल्ह्यातल्या एखाद्या बंदराची आठवण करा. समुद्रातून आत शिरलेली एक वाकडी खाडी, खाडीच्या एका अंगाला बर दुबई आणि तोंडाशी शिंदघा, दुसऱ्या अंगाला देरा. शिंदघ्याला राज्यकर्त्याचा वाडा, देऱ्याला मोठा बाजार. सधन व्यापाऱ्यांची घरे पोवळ्याच्या दगडाची, वर वारा खाली ओढणारे चौकोनी मनोरे. बाकी वस्ती खजुरीच्या झापांच्या झोपड्यांत. अशा झोपडीला तिकडे बरस्ती म्हणतात. कोकणात माडाच्या झापांची खोपटी पाहिलेल्या माणसाला ती परकी वाटणार नाही. पिण्याचे पाणी गावाबाहेरच्या विहिरींतून गाढवांवर लादून येई आणि दारोदार विकले जाई. या काठावरून त्या काठावर जायला होडी.

या गावाचे तोंड मुंबईकडे होते. आखातातले मोती विकले जात ते मुंबईच्या बाजारात, आणि तांदूळ, कापड, लाकूड तिकडे जाई ते मुंबईहून. चलन आपला रुपया. १९०९ साली तिथे टपालकचेरी उघडली तीही हिंदुस्थान सरकारच्या टपालखात्याची. आखातातले इंग्रज अधिकारी १९४७ पर्यंत हिंदुस्थान सरकारच्या हाताखालीच काम करीत. रिझर्व्ह बँकेने १९५९ साली आखातासाठी वेगळा रुपया काढला, तो १९६६ पर्यंत तिकडे चालला. आपल्यापैकी ज्यांचे आजोबा बंदरात, गोदीत किंवा बोटीवर नोकरीला होते, त्यांच्या घरी दुबईचे नाव तेल निघण्याच्या कितीतरी आधी ऐकलेले असणार.

१९२९ नंतर जगभर मंदी आली. त्याच सुमारास जपानने कृत्रिम रीतीने वाढवलेले मोती बाजारात आणले आणि आखाताचा मोत्यांचा धंदा बसला. पाणबुडे, नाखवे, सावकार, सगळेच कर्जात बुडाले. गाव असे भुकेला लागले असताना राज्यकर्ते शेख सईद बिन मक्तूम यांच्याकडे मात्र नवा पैसा येऊ लागला. १९३७ साली त्यांनी एका इंग्रज कंपनीला तेल शोधण्याचा परवाना दिला. त्याच सुमारास इम्पीरियल एअरवेजची पाण्यावर उतरणारी विमाने खाडीत उतरू लागली, त्यांचेही भाडे मिळू लागले. ही रक्कम राज्यकर्त्याच्या खाजगी पेटीत जावी, की गावाच्या कामी यावी? सगळा वाद इथून उपजला.

वाद घालणारे कोणी परके नव्हते. राज्यकर्त्याचे चुलतभाऊ आणि देऱ्याचे मोठे व्यापारी यांनी ही मागणी लावून धरली होती. ऑक्टोबर १९३८ मध्ये शेख सईद यांनी पंधरा जणांची एक मजलिस मान्य केली. मजलिस म्हणजे बैठक, सभा. राज्याचे उत्पन्न आणि खर्च या सभेच्या संमतीने व्हावा असे ठरले. सभेचे अध्यक्ष हशर बिन रशीद. त्यांचे भाऊ माना बिन रशीद यांच्याकडे शिक्षणाचे काम होते.

ही सभा जेमतेम पाच-सहा महिने चालली. एवढ्या अवधीत तिने हाती घेतलेली कामे पाहिली म्हणजे आश्चर्य वाटते. जकातीचा हिशेब नीट ठेवण्याची व्यवस्था केली. शाळा उघडल्या. गावासाठी नगरपालिका नेमली. देऱ्याचे रस्ते आणि बाजार सुधारण्याचा बेत आखला. त्यांच्यापाशी नकाशा नव्हता, इंजिनिअर नव्हता, खजिन्यातही फारसे काही नव्हते. पण आपल्या गावाला काय काय पाहिजे आणि त्यातले आधी काय पाहिजे, हे चार माणसांनी एकत्र बसून ठरवायचे असते, एवढे त्यांनी जाणले होते. विकासाचा आराखडा म्हणतात तो मुळात हाच. कागद आणि रंग मागाहून येतात.

मार्च १९३९ मध्ये सभेने शेखच्या खाजगी खर्चाला वर्षाची मर्यादा घालण्याचा ठराव केला. तिथे सगळे फिसकटले. २९ मार्च १९३९ रोजी शेख सईद यांचे पुत्र रशीद यांचे देऱ्यात लग्न होते. लग्नाचे निमित्त करून राज्यकर्त्याचे हत्यारबंद बेदुइन खाडी ओलांडून देऱ्यात शिरले. चकमक झाली, माणसे मेली, सभा मोडली. उरलेले सभासद शारजाला पळून गेले.

गोष्ट इथेच संपली असती. पण ज्या नवरदेवाच्या लग्नात सभा मोडली, त्याच शेख रशीद यांनी पुढे त्या सभेची कामे एकेक करून पुरी केली. वडिलांच्या उतारवयात कारभार त्यांच्याच हाती होता, आणि १९५८ साली ते गादीवर आले. १९५० च्या सुमारास देऱ्यात मक्तूम हॉस्पिटल सुरू झाले. १९५४ मध्ये नगरपालिकेचा कारभार मोजक्या नोकरांवर सुरू झाला. १९५७ साली नगरसभा नेमली गेली, आणि १९६१ मध्ये नगरपालिकेला कायद्याची सनद मिळाली. त्याच साली सुदानहून कमाल हमजा नावाचे अधिकारी तिच्या कारभारावर आले आणि पुढे वीसहून अधिक वर्षे त्यांनी तो सांभाळला.

या दुसऱ्या नगरसभेत आणि १९३८ च्या सभेत एक मोठा फरक होता. पहिलीने खजिन्याची किल्ली मागितली. दुसरीने ती मागितली नाही. सभासद शेखनेच नेमलेले, बहुतेक व्यापारी. ते सल्ला देत, शेवटचा शब्द शेखचा. पहिल्या सभेला अधिकार होता, पण साधने नव्हती. दुसरीला साधने मिळाली, अधिकार मिळाला नाही.

साधने मिळाली ती खाडीमुळे. खाडी गाळाने भरत चालली होती. शारजाची खाडी तर जवळजवळ बुजली आणि तिथला व्यापार दुबईकडे वळला. आपलीही तीच गत होईल हे दुबईच्या व्यापाऱ्यांना दिसत होते. म्हणून कुवेतच्या राज्यकर्त्याकडून कर्ज घेतले, गावच्या व्यापाऱ्यांना रोखे विकले आणि १९५९ ते १९६१ च्या दरम्यान गाळ उपसून खाडी खोल केली. उपसलेल्या गाळाने काठावर नवी जमीन तयार झाली, तिलाही मोल आले. १९६० सालीच जमिनीच्या नोंदीचे खाते उघडले. कोणती जमीन कोणाची हे कागदावर आल्याशिवाय रस्ताही आखता येत नाही, आणि कोणाला नुकसानभरपाई द्यायची तेही ठरत नाही.

आराखडा करण्यासाठी जॉन हॅरिस या इंग्रज वास्तुविशारदाला बोलावले. मी शाळा मुंबईला संपवून इस्राएलला आले आणि उभे आयुष्य रुग्णालयांत काढले, म्हणून मला या गृहस्थांविषयी एक गोष्ट फार आवडते. शहरे आखण्यासाठी ते आखातात आले नव्हते, तर रुग्णालय बांधण्यासाठी आले होते. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी जिल रो यांनी कतारमधल्या दोहा इथल्या सरकारी रुग्णालयाची स्पर्धा १९५३ मध्ये जिंकली, आणि ते रुग्णालय १९५७ मध्ये सुरू झाले. रुग्णालय आखणाऱ्याला काही गोष्टी आधीच शिकाव्या लागतात. घाण कुठून बाहेर जाईल आणि स्वच्छ पाणी कुठून आत येईल, या दोन वाटा एकमेकींना कुठेही छेदता कामा नयेत. स्ट्रेचर वळेल एवढी रुंदी पाहिजे. आज वीस खाटा असल्या तरी उद्या शंभर होतील, त्यांची जागा आजच राखायला हवी. शहराचेही तेच आहे.

हॅरिस आले तेव्हा गावाचा धड नकाशाही नव्हता. १९६० च्या आराखड्यात त्यांनी मुख्य रस्त्यांची आखणी केली, कारखाने, व्यापार आणि सरकारी इमारती यांचे भाग वेगळे केले, राहण्यासाठी नव्या वस्त्या दाखवल्या आणि गावासाठी एक नवे मध्यवर्ती ठिकाण सुचवले. त्यात दिपवणारे काहीच नव्हते. गावाची वाढ अंदाजाने न होता काही क्रमाने व्हावी, एवढाच हेतू. पाठोपाठ कामे झाली. १९६० मध्ये विमानतळ उघडला. वीज कंपनी उभी राहिली. दूरच्या विहिरींचे पाणी नळाने येऊ लागले. १९६३ मध्ये खाडीवर मक्तूम पूल झाला, त्यासाठी कतारच्या राज्यकर्त्याने मदत केली. त्या पुलावर १९७३ पर्यंत पथकर घेतला जाई. १९६८ च्या पहिल्या खानेसुमारीत दुबई संस्थानाची वस्ती साठ हजारांच्या आत भरली. इतक्या लहान गावाने, तेलाचा थेंब हाती नसताना, कर्ज काढून ही कामे केली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

तेलाचा पैसा आला तेव्हा तो कुठे घालायचा हे ठरलेले होते. १९७१ मध्ये हॅरिस यांनी दुसरा आराखडा दिला. त्याच वर्षी २ डिसेंबरला संयुक्त अरब अमिरातींचे राष्ट्र स्थापन झाले. रशीद बंदर १९७२ मध्ये, रशीद हॉस्पिटल १९७३ मध्ये, खाडीखालचा शिंदघा बोगदा १९७५ मध्ये आणि गरहूद पूल १९७६ मध्ये झाला. रशीद हॉस्पिटलही हॅरिस यांनीच आखले. अशा रुग्णालयांत पुढे हिंदी परिचारिका पुष्कळ आल्या, त्यांत केरळच्या मुली फार.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कोणताही आराखडा कोणाच्या तरी घरावरून जातो. दुबईत तो झापांच्या झोपड्यांवरून गेला. झापे पटकन पेट घेतात, आगी लागत, म्हणून नगरपालिकेला बरस्त्या गावाच्या मध्यात नको होत्या. कारण खोटे नव्हते. पण झोपडी हलली म्हणजे माणूस बाजारापासून, होडीपासून, मजुरीपासून दूर गेला. त्या माणसाचा कोणी प्रतिनिधी नगरसभेत नव्हता. इराणच्या किनाऱ्यावरून आलेल्या व्यापाऱ्यांचा बस्तकिया हा जुना मोहल्लाही असाच. १९८० नंतर सरकारी इमारतीसाठी त्याचा मोठा भाग पाडला. रेनर ऑटर नावाचा एक इंग्रज वास्तुविशारद तिथल्या जुन्या घरात राहत असे. त्याने उरलेला भाग वाचवण्यासाठी खटपट केली आणि १९८९ मध्ये इंग्लंडचे युवराज चार्ल्स येऊन तो पाहून गेले. आज प्रवासी कौतुकाने बघतात ते वाऱ्याचे मनोरे त्या वाचलेल्या भागातले आणि नंतर दुरुस्त केलेले आहेत.

आपल्या लोकांना हे परके वाटू नये. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. दाट वस्त्यांत हवा खेळावी म्हणून ट्रस्टने मांडवी-डोंगरीच्या बाजूला घरे पाडली आणि सँडहर्स्ट रोड काढला. हवा आली, रस्ता आला. पण जेवढ्या गरिबांची बिऱ्हाडे मोडली तेवढ्यांना परवडतील अशा चाळी वेळेवर उभ्या राहिल्या नाहीत. तेव्हा त्याच भागात आपली कितीतरी कुटुंबे राहत होती.

आणि इकडे आल्यावर? आर्ये शारोन यांनी नव्या राष्ट्राचा आराखडा केला, तो १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या विचाराने विकासनगरे वसवली गेली. दिमोना १९५५ मध्ये, अश्दोद १९५६ मध्ये. आपले पुष्कळ लोक ट्रकमधून तिथे उतरले. नकाशावर ती ठिकाणे अगदी योग्य होती. सीमेजवळ वस्ती हवी, वाळवंटात हात हवेत, लोकसंख्या किनाऱ्यावर गोळा होऊ नये, हे सर्व खरे. परंतु उतरणाऱ्याला कोणी विचारले नव्हते. बायकांनी पहिला प्रश्न केला तो कुपत होलीमचा दवाखाना किती लांब आहे याचा, आणि दुसरा, बस किती वाजता येते याचा. आराखडा करणाऱ्यांनी हे दोन प्रश्न आधीच ऐकले असते, तर आपल्या आईबापांची कितीतरी पायपीट वाचली असती.

विचारून केलेला आराखडा उशिरा होतो, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. होतो खरा. महाराष्ट्रात १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाप्रमाणे नगरपालिकेला क्रमाने जावे लागते. आराखडा करण्याचा इरादा जाहीर करायचा, जमिनीचा आज काय उपयोग चालू आहे त्याचा नकाशा करायचा, मग मसुदा लोकांपुढे ठेवायचा, मुदतीत हरकती आणि सूचना घ्यायच्या, त्यांची सुनावणी करायची आणि नंतर तो सरकारकडे मंजुरीला पाठवायचा. यात वर्षे जातात. पण २०१५ साली मुंबई महापालिकेने शहराचा नवा मसुदा प्रसिद्ध केला, तेव्हा त्यात चुकाच चुका निघाल्या. उभ्या इमारतींवरून रस्ते दाखवलेले, जुन्या वास्तूंच्या नोंदी गळालेल्या. लोकांनी हजारो हरकती घेतल्या आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये तो मसुदा रद्द करावा लागला. दुरुस्त आराखडा मंजूर व्हायला २०१८ साल उजाडले. तीन वर्षे गेली, पण लोकांची घरे रस्त्याखाली जायची वाचली. इस्राएलमध्येही १९६५ च्या कायद्याने हरकतीचा अर्ज, म्हणजे हितनगदुत, देण्याचा हक्क ठेवलेला आहे. आपल्या वस्तीत पाटी लागते, वर्तमानपत्रात बारीक टाइपात सूचना येते. आपण ती वाचत नाही, आणि बुलडोझर आल्यावर मग ओरडतो.

दुबईने मार्च २०२१ मध्ये २०४० सालापर्यंतचा आराखडा जाहीर केला. १९६० पासूनचा हा सातवा. वस्ती २०२० मधल्या तेहेतीस लाखांवरून अठ्ठावन्न लाखांवर जाईल असा त्यात अंदाज आहे. शाळा आणि आरोग्यासाठीची जागा पाव हिश्श्याने वाढवायची, निम्म्याहून अधिक लोकांना आठशे मीटरच्या आत बस किंवा रेल्वेचे ठिकाण मिळावे, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे दवाखाना आणि बस. आपल्या बायकांनी दिमोनात विचारलेले दोन्ही प्रश्न त्यात आले आहेत, हे वाचून बरे वाटले. पण त्या शहरात राहणारे बहुतेक लोक बाहेरून पोटासाठी आलेले आहेत, आणि त्यांत आपल्या भारतातले फार. इमारती तेच बांधतात, रोग्यांची सेवाही तेच करतात. शहराचा कारभार चालवणाऱ्यांना निवडून देण्याचा हक्क त्यांना नाही. १९३८ साली पंधरा माणसांनी जो प्रश्न खाडीकाठी विचारला, तो अजून पुरता सुटलेला नाही.

म्हणून पुढच्या वेळी दुबईला जाल, तेव्हा उंच मनोऱ्यांचे फोटो जरूर काढा, पण एक संध्याकाळ खाडीसाठी ठेवा. बर दुबईहून होडीत बसा आणि देऱ्याला उतरा. ज्या काठावर ती सभा बसली आणि मोडली, तो हाच. आणि घरी परतल्यावर आपल्या इरियेच्या फलकावर नव्या आराखड्याची सूचना लागली असेल, तर चष्मा लावून ती वाचा, नातवाला बरोबर घेऊन जा, आणि काही खटकले तर मुदत संपायच्या आत लिहून द्या. त्या पंधरा जणांना अशी मुदत कोणी दिली नव्हती.